जंगलात फुकट मुक्काम, बदल्यात संडास साफ करायचे : अमेरिकेतले ‘कॅम्प होस्ट’ नेमकं करतात काय?

रिटायर झाल्यावर काय करायचं? आपल्याकडे याची उत्तरं ठरलेली आहेत. चारधाम, नातवंडं, नाहीतर सोसायटीची कमिटी. अमेरिकेत मात्र काही जोडपी वेगळाच कार्यक्रम करतात. राहतं घर विकतात किंवा भाड्यानं देतात, आलेल्या पैशांतून एक मोटरहोम घेतात आणि निघतात. मग कुठल्यातरी नॅशनल पार्कमध्ये गाडी लावून तीन-चार महिने तिथले संडास साफ करतात, राख उपसतात आणि आलेल्या पर्यटकांना जागा दाखवतात. पगार किती? शून्य.

या लोकांना म्हणतात ‘कॅम्पग्राउंड होस्ट’ किंवा नुसतं ‘कॅम्प होस्ट’. गेल्या काही वर्षांत यांचे व्हिडिओ इंस्टाग्राम-यूट्यूबवर चांगलेच चालतायत. दारात तळं, मागं डोंगर, हातात कॉफीचा मग आणि वर कॅप्शन, ‘आम्ही इथं फुकट राहतो.’

हे खरंच फुकट असतं का, तेच समजून घेऊया.

आधी गाडीचं बघू

मोटरहोम म्हणजे चाकांवरचा वन बीएचके. बेड, शेगडी, फ्रिज, संडास-बाथरूम सगळं आत. पण गाडीत घर आलं म्हणून घराच्या कटकटी सुटत नाहीत. गाडीखाली साधारण तीन टाक्या असतात. एक चांगल्या पाण्याची, दुसरी भांडी-आंघोळीच्या सांडपाण्याची आणि तिसरी संडासाची. पहिली रिकामी होते, बाकीच्या दोन भरतात. त्या भरल्या की ‘डंप स्टेशन’वर जाऊन पाइप लावून स्वतःच्या हातानं रिकाम्या कराव्या लागतात.

त्यामुळं गाडीवाल्यांसाठी सोन्याहून पिवळी गोष्ट म्हणजे ‘फुल हुकअप’ असलेली जागा. म्हणजे गाडी लावली की पाण्याचा नळ, विजेचा पॉइंट आणि ड्रेनेजची लाइन थेट जोडता येते. अशा जागेचं एका रात्रीचं भाडं सहज ४०-५० डॉलर किंवा त्याहून जास्त असू शकतं.

दुसरी अडचण मुक्कामाची. अमेरिकेतल्या बऱ्याच सरकारी कॅम्पग्राउंडवर सलग १४ दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही. कितीही पैसे मोजायची तयारी असली तरी बाडबिस्तरा उचलायचा. होस्टला मात्र हा नियम लागत नाही. त्याला हंगामभर एकच जागा मिळते, बहुतेक वेळा हुकअपसकट. त्याचा मोबदला हाच.

मग काम काय असतं?

कॅम्पग्राउंडच्या तोंडाशी होस्टची गाडी उभी असते आणि बाहेर पाटी असते. नव्यानं आलेला माणूस पहिल्यांदा तिथंच थांबतो. जागा कुठली, पाणी कुठं, मोबाइलला रेंज कुठं येते, हे सांगायचं काम होस्टचं. कोण आलं, कोण गेलं, कुणाचं बुकिंग आहे, याची नोंद ठेवायची. जागा रिकामी झाली की कचरा उचलायचा आणि शेकोटीच्या खड्ड्यातली राख काढायची. काही ठिकाणी संडास धुवून टॉयलेट पेपर भरायचं कामही त्याच्याकडंच असतं.

त्यातली काही कामं दिसायला बारीक, पण महत्त्वाची असतात. लाकडाचंच घ्या. शेकोटीसाठी लोकांनी घरून लाकूड आणू नये, ते जवळपासच घ्यावं, असं होस्ट पुन्हापुन्हा सांगतो. कारण लाकडातून कीड प्रवास करते. २००२ मध्ये मिशिगन राज्यात डेट्रॉइटजवळ ‘एमराल्ड अ‍ॅश बोरर’ नावाचा हिरवा भुंगेरा सापडला. मूळचा आशियातला. पुढं तो कितीतरी राज्यांत पसरला आणि त्यानं अ‍ॅश जातीची कोट्यवधी झाडं मारली. तो पसरायला माणसांनी इकडून तिकडं नेलेलं जळाऊ लाकूडही कारणीभूत होतं.

तेच अस्वलांचं. रात्री टेबलावर राहिलेला खाऊचा डबा म्हणजे अस्वलाला आमंत्रण. एकदा माणसाच्या खाण्याची चटक लागली की ते अस्वल पुन्हापुन्हा येतं आणि शेवटी त्यालाच मारायची वेळ येऊ शकते. म्हणून अस्वलांच्या भागात होस्ट फेरी मारून ‘तेवढं खाणं लोखंडी पेटीत ठेवा’ असं सांगत फिरतो.

पण होस्ट पोलीस नसतो. नॅशनल पार्कमध्ये साधारण रात्री १० ते सकाळी ६ शांततेची वेळ असते. कुणी स्पीकर लावला तर होस्ट एकदा नीट सांगतो. ऐकलं नाही तर गाडीचा नंबर लिहून घ्यायचा आणि रेंजरला कळवायचं. दंड करणं, वाद घालणं, दारू प्यायलेल्याला हाकलणं हे त्याचं काम नाही, आणि तसं त्याला आधीच बजावलेलं असतं.

हे कायद्यात बसतं का?

बसतं. नॅशनल पार्कमध्ये स्वयंसेवक घेता यावेत म्हणून अमेरिकेत १९७० मध्ये खास कायदा झाला. जंगल खात्यासाठी तसाच कायदा १९७२ मध्ये आला. केंद्र सरकारच्या जागांवर काम करणाऱ्या स्वयंसेवकाला पगार नसला तरी काम करताना दुखापत झाली तर सरकारी कर्मचाऱ्यासारखंच भरपाईचं संरक्षण मिळतं. २५० तास सेवा पूर्ण झाली की वर्षभर केंद्राच्या पार्कांत प्रवेश फी माफ करणारा पासही मिळू शकतो.

अर्ज करायला सरकारची व्हॉलंटियर डॉट गव्ह ही वेबसाइट आहे. राज्यांच्या पार्कांचे अर्ज वेगळे. उन्हाळ्यातली चांगली ठिकाणं आदल्या हिवाळ्यातच भरून जातात. फोनवर मुलाखत होते, पार्श्वभूमी तपासली जाते आणि मग लेखी करार होतो. आठवड्याला किती तास, सुट्टी कधी, कुठली कामं, सगळं त्यात असतं. साधारण २० ते ३२ तास मागितले जातात.

आता खरा हिशोब

व्हिडिओत हा भाग सहसा नसतो. समजा जागेचं भाडं रात्रीला ४० डॉलर आहे. आठवड्याचे झाले २८० डॉलर. नवरा-बायको दोघंही २०-२० तास काम करतात, म्हणजे ४० तास. भागाकार केला तर तासाला पडले ७ डॉलर. अमेरिकेत केंद्राचं किमान वेतन २००९ पासून तासाला ७.२५ डॉलर आहे आणि बऱ्याच राज्यांत ते याहून कितीतरी जास्त आहे. म्हणजे ‘फुकट’ राहणारं जोडपं किमान वेतनाच्याही खाली काम करत असतं.

२० तास दोघांचे मिळून असतील, तर तोच दर १४ डॉलर होतो. त्यामुळं करारात तास ‘माणशी’ लिहिलेत की ‘जोडप्यामागं’, हे आधी बघावं लागतं. शिवाय तिथपर्यंत जायचं इंधन स्वतःचं. मोठी मोटरहोम लिटरला जेमतेम तीन-चार किलोमीटर जाते. किराणा आणि औषधं आणायला कधीकधी तासभर गाडी चालवावी लागते ती वेगळीच.

आणखी एक फरक लक्षात घ्यायचा. सरकारी खात्याला किंवा ना-नफा संस्थेला स्वयंसेवक घेता येतात. नफ्यासाठी चालणाऱ्या खासगी कंपनीला अमेरिकेच्या कामगार कायद्यानुसार ‘स्वयंसेवक’ ठेवता येत नाहीत. जंगल खात्याची बरीच कॅम्पग्राउंड खासगी ठेकेदार चालवतात. तिथला होस्ट हा नोकर असतो आणि त्याला वेतन द्यावंच लागतं. पाटी दोन्हीकडं सारखीच असते, हक्क मात्र वेगळे.

‘नोमॅडलँड’ पाहिलेल्यांना ही दुसरी बाजू आठवेल. जेसिका ब्रूडर यांच्या २०१७ च्या पुस्तकावर आलेल्या या सिनेमाला २०२१ मध्ये ऑस्करचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार मिळाला. त्यातली नायिका फर्न बॅडलँड्सच्या कॅम्पग्राउंडवर होस्टचं काम करते. तिला हौस नसते, घर परवडत नसतं. एकाच कामाला कुणी आवडीनं येतो, तर कुणी गाडी उभी करायला दुसरी जागा नाही म्हणून येतो.

पार्क स्वयंसेवकांवर चालतील का?

डिसेंबर २०१८ ते जानेवारी २०१९ या काळात अमेरिकेचं सरकार ३५ दिवस अंशतः बंद होतं. पार्क उघडी होती, पण बरेच कर्मचारी घरी. कॅलिफोर्नियातल्या जोशुआ ट्री नॅशनल पार्कमध्ये संडास तुंबले, कचरा साचला. स्थानिक लोक स्वतःहून बादल्या आणि टॉयलेट पेपर घेऊन आत गेले आणि सफाई करत राहिले. तरीही जानेवारीच्या सुरुवातीला आरोग्याच्या कारणावरून तिथली कॅम्पग्राउंड बंद करावी लागली.

स्वयंसेवक राख काढू शकतो, संडास धुऊ शकतो. पण भरलेली टाकी उपसायला ट्रक लागतो, कायदा मोडणाऱ्याला अडवायला रेंजर लागतो आणि या दोन्हींसाठी पगार लागतो. होस्ट ही व्यवस्थेला लावलेली जोड आहे. तीच व्यवस्था म्हणून वापरली की काय होतं, ते तेव्हा दिसलं.

आपल्या लोकांनी काय लक्षात ठेवायचं?

मुलांकडं सहा महिने अमेरिकेला जाणाऱ्या आई-बाबांनी हे व्हिडिओ पाहून लगेच अर्ज करू नये. पर्यटक व्हिसावर काम करता येत नाही आणि कामाच्या बदल्यात मिळालेली फुकट जागा हाही मोबदला समजला जाऊ शकतो. आधी संबंधित पार्कला आणि व्हिसाच्या जाणकाराला विचारलेलं बरं. तिथं स्थायिक झालेल्यांसाठी मात्र हा रस्ता मोकळा आहे.

महाराष्ट्र सरकारनंही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. गाड्या येतील, जागाही होतील. राख कोण काढणार, हा प्रश्न तेव्हा इथंही येईल. रविवारी गडावर जाऊन पाण्याची टाकी साफ करणारी पोरं आपल्याकडं आहेतच. त्यांना हे काम नवीन नाही. फक्त तास किती, विमा कुणाचा आणि जबाबदारी कुठवर, हे त्यांना कागदावर मिळालं पाहिजे.