हृदय पुन्हा सुरू झालं, पण मेंदूचं काय?

धाराशिवहून सोलापूर-लातूरला हलवलेल्या पेशंटचं बंद पडलेलं हृदय सुरू झालं, तरी तो बेशुद्धच असला की नातेवाईक एकच विचारतात, "डॉक्टर, शुद्धीवर येतील ना?"

मेंदूच्या स्कॅनमधून थोडा अंदाज येतो. सीटीवर मेंदूचा करडा आणि पांढरा भाग एरवी वेगवेगळा दिसतो. ऑक्सिजनअभावी सूज आली की मधली सीमा पुसट होते. दुसऱ्या ते सातव्या दिवसातल्या एमआरआयमध्ये इजा झालेला भाग पांढरा चमकतो.

पण एकट्या स्कॅनवर निकाल लावू नये, हे फार महत्त्वाचं! २०२१ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनुसार किमान ७२ तास थांबतात, गुंगीच्या औषधांचा अंमल उतरू देतात. डोळ्यांच्या बाहुल्या, ईईजी, रक्ततपासणी, सगळं जुळवून बघतात. पहिल्याच दिवशी "आता काही खरं नाही" म्हणणाऱ्या पाहुण्यांचं मनावर घेऊ नका.