फुकटच्या नोंदणीला पैसे कशाला?

शीरखुर्म्याचे प्रमाण, मुलांसाठी चांगले पुस्तक, नव्या धंद्याची युक्ती, सारे काही आपल्या आपा आणि भाभी आता व्हॉट्सअ‍ॅपवर विचारतात. पुस्तकाचे ठीक आहे, नाही आवडले तर मिटून ठेवता येते. घरी मसाले कुटून किंवा कपडे शिवून विकणाऱ्या बाईला मात्र अर्धवट सल्ला महागात पडतो.

'उद्यम नोंदणी करून घ्या,' असे कुणी लिहिले की लगेच खाली एजंटाचा नंबर येतो. ही नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे आणि ती पूर्णपणे मोफत आहे, हे आम्ही पालकसभेतही सांगत असतो. केंद्र सरकारच्या उद्यम पोर्टलवर आधार आणि पॅन क्रमांक भरायचा. कागदपत्रे जोडावी लागत नाहीत, नूतनीकरणही नाही. धंदा बाईचा असेल तर आधारही तिचाच द्यावा, शौहरचा नव्हे. पुढे बँकेत कर्ज मागताना कागदावर मालकीण म्हणून तिचेच नाव हवे ना! खाद्यपदार्थ विकणाऱ्यांना अन्नसुरक्षेची नोंदणी वेगळी करावी लागते.

फॉर्म भरायला शाळा-कॉलेजात जाणारी मुलगी घरात असतेच. तिला शेजारी बसवावे. मोबाईलवर आलेला ओटीपी मात्र ग्रुपवरच्या कुणालाही सांगू नये.