नळाला शॉक येतो तेव्हा

मी सांताक्रूझ पूर्वेला वाकोल्याच्या बाजूला बचत गटांचं काम पाहते. आज बोलणार आहे घरातल्या जुन्या वायरिंगबद्दल. तुम्ही म्हणाल, मुंबईच्या चाळीचं आम्हाला काय? पण भिंत मातीची असो की चाळीची, वीज दोन्हीकडे सारखीच वागते.

आमच्या गटातल्या एक मावशी पागडीच्या चाळीत वरच्या मजल्यावर राहतात. गेल्या पावसाळ्यात शेजारणीला मोरीतल्या नळाला हात लावला की झिणझिण्या यायच्या. सगळ्या म्हणाल्या, नळ बदल. तिने बदलला. तरी तेच. शेवटी वायरमनला बोलावलं. दोष नळाचा नव्हताच, मावशींच्या फ्रिजचा होता.

हे कसं झालं ते नीट ऐका. फ्रिज, मिक्सर, पाण्याची मोटर यांच्या आत वायर खराब झाली की वीज पत्र्यात उतरते. तिला जमिनीत जायला वाट हवी, तीच अर्थिंग. तीन पिनांच्या प्लगातली जाड, लांब पिन त्यासाठीच असते. आमच्या चाळीत जुन्या काळी अर्थिंगची वायर पाण्याच्या लोखंडी पाइपला बांधलेली. पाइप जमिनीत जायचा, त्यामुळे काम भागत होतं. मग खालचा गंजलेला पाइप काढून प्लास्टिकचा टाकला. प्लास्टिकमधून वीज जात नाही. वाट खाली बंद झाली, आणि फ्रिजमधली वीज वरच्या लोखंडी पाइपात अडकून प्रत्येक खोलीच्या नळापर्यंत पोचली. पाइप बदलणाऱ्याला याची कल्पना नव्हती, आम्हालाही नव्हती. तुमच्याकडेही कुणी बोअरच्या पाइपाला अर्थिंग बांधलं असेल तर जाऊन बघा, तो पाइप अजून लोखंडीच आहे ना.

मी विचारलं, फ्यूज का नाही उडाला? वायरमन हसला. म्हणाला, ताई, फ्यूज वायरला वाचवतो, माणसाला नाही. पाच अँपिअरचा फ्यूज म्हणजे पाच हजार मिलिअँपिअर. माणसाच्या छातीतून पन्नास-शंभर मिलिअँपिअर गेले तरी जीव जाऊ शकतो. आपण मरून पडू, फ्यूजला पत्ताही लागणार नाही. त्यातून आपल्याकडे किटकॅटमध्ये फ्यूज उडाला की जाड तार पिळून बसवायची सवय. मग वायर पेटली तरी तो उडत नाही.

त्या खोलीची वायर लाकडी पट्टीवर क्लिपांनी मारलेली, रबराची, वरून सुती वेष्टण. बोट लावलं की रबराचा भुगा व्हायचा. ही वायर बसवली तेव्हा घरात दोन बल्ब आणि एक रेडिओ होता. साठ वॅटच्या बल्बला पाव अँपिअरच्या आसपास वीज लागते. आता त्याच वायरवर हजार वॅटची इस्त्री, म्हणजे सव्वाचार अँपिअर. दोन हजार वॅटचा गिझर किंवा पाणी तापवायचा रॉड लावला तर जवळजवळ नऊ. आणि वीज दुप्पट ओढली की वायर चौपट तापते. प्लग काळा पडणं, स्विचमधून चरचर आवाज, जळक्या रबराचा वास, ही सगळी त्याचीच लक्षणं.

माणसाला वाचवणारं यंत्र वेगळं, त्याला आरसीसीबी म्हणतात. त्याचं काम आपल्या गटाच्या पेटीसारखं आहे. जेवढी वीज गेली तेवढी परत आली पाहिजे. तीस मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे वीज कुणाच्या अंगातून किंवा पत्र्यातून भलतीकडे चालली, की ते निमिषात पुरवठा तोडतं. त्यावर टी लिहिलेलं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबा. खटकन पडलं तर ठीक, नाही पडलं तर बदला. साधा एमसीबी मात्र फ्यूजचंच काम करतो, दुकानात मागताना घोटाळा करू नका.

खर्च निघाला चौदा हजार. मावशींनी गटाकडे कर्ज मागितलं आणि बैठकीत वाद झाला. एक म्हणाली, शिलाई मशीनला कर्ज देतो, त्यातून कमाई होते. वायरीतून काय येणार? दुसरी म्हणाली, खोली मालकाची, मग खर्च आपण का करायचा? दोन्ही मुद्दे खरे होते. मला तेव्हा 26 जुलै 2005 आठवला. सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला, घराघरांत कमरेएवढं पाणी होतं. उपनगरात ठिकठिकाणी वीज बंद ठेवावी लागली, कारण पाण्यात बुडालेला एक प्लगसुद्धा जीव घेऊ शकतो. मी म्हटलं, लग्नाला कर्ज दिलं तेव्हा त्यातून किती कमाई आली ते आपण विचारलं होतं का? कर्ज मंजूर झालं. माझं बोलणं थोडं लागलं, हे खरं.

काम परवाना असलेल्या ठेकेदाराकडून करून घेतलं. सहा खोल्यांनी वर्गणी काढून अंगणात अर्थिंगचा खड्डा केला, मीठ-कोळसा भरला आणि नळाची जुनी जोडणी तोडली. आरसीसीबी बसवला त्या संध्याकाळीच तो तीनदा पडला. मावशींचा मुलगा म्हणाला, कटकट आहे, काढून टाकू. पण तो फ्रिजचा दोष दाखवत होता. फ्रिज दुरुस्त केला, पडणं थांबलं.

गावाकडे मला सर्वात भीती वाटते ती लोखंडी तारेवर कपडे वाळत घालण्याची. सर्व्हिस वायरचं वेष्टण कुठे घासलं, तारेला टेकलं, की ओल्या कपड्यासकट बाई चिकटते. नायलॉनची दोरी बांधा. सॉकेटात काडीपेटीच्या काड्या खोचून उघड्या वायरी अडकवू नका, आणि आकडा टाकलेल्या विजेला तर कसलंच संरक्षण नसतं. खांबावरची तार लोंबत असेल तर 1912 वर कळवा.

कुणी चिकटलं तर आधी मेन स्विच बंद. तो सापडत नसेल तर कोरड्या फळीवर उभं राहून कोरड्या लाकडी काठीने वायर बाजूला करा, माणसाला हात लावू नका. पण ही काठी घरातल्या वायरीपुरतीच. खांबावरची तार तुटून पडली असेल तर लांबच थांबा. मग 108 ला फोन करा. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्या.

मावशींचे पाच हप्ते राहिलेत, एकही चुकलेला नाही. खड्डा कोरडा पडला की अर्थिंग कमजोर होतं, म्हणून उन्हाळ्यात त्यात दर आठवड्याला बादलीभर पाणी घालतो. सहा खोल्यांच्या पाळ्या लावल्यात, आणि त्यावरून भांडणंही होतात.