टाकलेल्या पानाची किंमत

पत्त्यांच्या डावात एकदा खाली पडलेले पान संपले, अशी आपल्याकडील घरगुती समजूत आहे. मेंढीकोटात चार पानांचा हात पुरा झाला की जिंकणारा तो पालथा करून आपल्यापुढे ओढून घेतो, आणि मग त्यातील पाने पुन्हा चाळून पाहणे हा चक्क अशिष्टपणा मानला जातो. चार दहांपैकी कोणते गेले, हुकमाची पाने किती बाहेर पडली, याचा हिशेब ज्याचा त्याने मनात ठेवावयाचा. हिंदी मुलखात याच जातीच्या खेळाला देहला पकड म्हणतात, आणि बालाघाटासारख्या दोन भाषांच्या सीमेवर दोन्ही नावे कानांवर पडावीत यात नवल नाही. नाव कोणतेही असो, गेलेले पान परत येत नाही, हा नियम दोहोंकडे सारखाच.

सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात तर ही स्मरणाची कसोटी फारच कठोर आहे. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने, मिळून एकशेवीस गोल पाने. तिघे खेळाडू चाळीस चाळीस पाने घेऊन बसतात. दिवसा रामाच्या राजाने डाव सुरू होतो, रात्री कृष्णाच्या. निम्म्या रंगांत दहा मोठा तर उरलेल्या निम्म्यांत एक्का मोठा. अशा खेळात राजा आणि प्रधान जाऊन चुकल्यावर आता आपल्या हातातील पान त्या रंगात सर्वांत मोठे ठरले, हे ज्याला वेळेवर आठवते तोच हात करतो. येथे मेलेली पाने बोलत नाहीत. ती फक्त आठवावयाची असतात.

रमीत मात्र टाकलेल्या पानाला प्रथमच काही किंमत येते. उघड्या गठ्ठ्यावरचे वरचे पान पुढच्या खेळाडूला उचलता येते. त्यामुळे पान टाकणे हेसुद्धा एक जोखमीचे कर्म होते. आपल्याला नको असलेली बदामाची सत्ती शेजाऱ्याचा क्रम पुरा करील की काय, हा विचार आलाच. या टाकाटाकीची दखल खुद्द सर्वोच्च न्यायालयाने घेतली आहे. सिकंदराबादेतील एका क्लबाच्या खटल्यात १९६७ च्या नोव्हेंबरात न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी रमी हा मुख्यत्वे कौशल्याचा खेळ ठरविला, आणि कारण दिले ते हेच की, पडलेली पाने ध्यानात ठेवावी लागतात आणि कोणते राखावे व कोणते टाकावे यास बुद्धी लागते. तीन पत्त्यांच्या खेळाला त्यांनी या मानाच्या पंक्तीत बसविले नाही. बालाघाट जिल्ह्याची दाद १९५६ पर्यंत नागपूरच्या उच्च न्यायालयात आणि पुढे जबलपुरास लागू लागली. या दोन्ही न्यायालयांचे मुख्य न्यायाधीशपद हिदायतुल्ला यांनी भूषविलेले होते. अर्थात कौशल्याचा शिक्का बसला म्हणून पैसा लावून खेळणे निरुपद्रवी होत नाही. संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन पैशाच्या खेळांविरुद्ध जो कायदा संमत केला, त्यात कौशल्य आणि नशीब हा भेदच बाजूस सारला आहे.

टाकलेल्या पानाला खरी सत्ता दिली ती अमेरिकेतील एका गणिताच्या प्राध्यापकाने. रिचर्ड गारफील्ड यांनी रचलेला ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा खेळ १९९३ साली प्रसिद्ध झाला. यात प्रत्येक खेळाडू स्वतः निवडलेल्या किमान साठ पानांचा गठ्ठा घेऊन येतो. एका नावाची, साधी भूमी सोडल्यास, चारांहून अधिक पाने चालत नाहीत. आरंभी सात पाने हाती, दोघांचे आयुष्य वीस वीस गुणांचे, आणि ज्याचे गुण शून्यावर आले तो हरला. पाने म्हणजे भूमी, प्राणी आणि मंत्र. भूमीपासून शक्ती मिळते, पण एका खेपेस एकच भूमी मांडता येते. म्हणून आठ शक्तींचा प्राणी आणावयाचा तर साधारण आठ खेपा थांबावे लागते. मारलेले प्राणी, वापरलेले मंत्र आणि हातातून टाकलेली पाने ज्या ढिगात जातात त्याला खेळाच्या परिभाषेत दफनभूमी असे नाव आहे. नाव ऐकून पालक दचकतात खरे. पण आत पाहिले तर तेथे भीतीपेक्षा हिशेबच अधिक आढळतो.

ही दफनभूमी मेंढीकोटाच्या हातासारखी पालथी नसते. तिच्यातील प्रत्येक पान दोघांनाही केव्हाही पाहता येते. म्हणजे स्मरणशक्तीचे काम संपले, आणि त्या जागी दुसरे काम आले : यातून काय परत येऊ शकेल, हे ओळखण्याचे.

पहिल्या प्रकारची युक्ती सरळ आहे. महागडे पान हातातून खेळण्याऐवजी ते मुद्दाम दफनभूमीत धाडावयाचे आणि स्वस्त मंत्राने तेथून उठवावयाचे. ‘एन्टूम’ हा एका शक्तीचा मंत्र गठ्ठ्यातील हवे ते पान शोधून थेट दफनभूमीत ठेवतो. ‘रीअॅनिमेट’ हा दुसरा, तोही एकाच शक्तीचा, तेथील प्राणी रणांगणावर आणतो. मात्र त्या प्राण्याच्या किमतीइतके आयुष्य आपल्याला गमवावे लागते. ग्रिझेलब्रँड नावाचा दैत्य आठ शक्तींचा आहे. या मार्गाने तो दुसऱ्याच खेपेस उभा राहतो आणि मालकाचे वीस गुण बारावर येतात. व्यवहार महाग दिसतो. तथापि समोरच्याने तोवर अवघ्या एकदोन भूमी मांडलेल्या असतात, हे विसरून चालणार नाही.

दुसऱ्या प्रकारात दफनभूमी म्हणजे जळण. २०१४ च्या ‘ट्रेझर क्रूझ’ या मंत्राची किंमत आठ, पण दफनभूमीतील जितकी पाने खेळातून कायमची काढावीत तितकी ती घटते. तीन नवी पाने जवळजवळ फुकट मिळू लागल्यावर हा मंत्र २०१५ च्या जानेवारीत प्रमुख स्पर्धांतून बाद करावा लागला.

तिसरा प्रकार सर्वांत विलक्षण. २००५ साली ‘रॅव्हनिका’ संचात ‘ड्रेज’, म्हणजे गाळ उपसणे, हा गुण आला. असे पान दफनभूमीत असेल तर खेळाडूने नवे पान ओढण्याऐवजी गठ्ठ्याच्या वरची ठराविक पाने दफनभूमीत टाकावयाची आणि ते जुने पान हाती घ्यावयाचे. ‘गोल्गारी ग्रेव्ह-ट्रोल’ एका वेळी सहा पाने उपसतो. मग ‘नार्कोमीबा’सारखे पान गठ्ठ्यातून खाली पडताच आपोआप रणांगणावर उतरते, काही मंत्र दफनभूमीतूनच म्हणता येतात, आणि खेळाडूचा हात जवळजवळ रिकामा असताही त्याची फौज वाढत जाते. धोका एवढाच की गठ्ठा संपल्यावर पान ओढण्याची पाळी आली तर तो हरतो. या ट्रोलला एका स्पर्धाप्रकारात २०११ पासून बंदी होती, २०१५ मध्ये ती उठली आणि २०१७ मध्ये पुन्हा बसली. २०१९ च्या जूनमध्ये आलेल्या ‘होगाक’ने तर एका उन्हाळ्यात सगळी घडी विसकटली. त्याला शक्ती देऊन विकत घेताच येत नसे. आपले प्राणी आणि दफनभूमीतील पाने हेच त्याचे मोल. जुलैत त्याच्या जोडीदार पानावर बंदी घालून पाहिली, ती पुरली नाही. ऑगस्टमध्ये होगाकच बाद झाला.

यावर उपाय नाही असे नव्हे. स्पर्धेत प्रत्येकाजवळ पंधरा राखीव पाने असतात. तीन डावांपैकी पहिला संपल्यावर ती गठ्ठ्यात घालता येतात. म्हणून दफनभूमीवाला बहुधा पहिला डाव जिंकतो आणि खरी लढाई दुसऱ्यापासून सुरू होते. ‘लेलाइन ऑफ द व्हॉइड’ हे पान आरंभीच्या सातांत आले तर फुकट मांडता येते आणि प्रतिपक्षाची दफनभूमी भरूच देत नाही. साठांत अशी चार पाने असली तर त्यांपैकी एखादे पहिल्या सातांत येण्याचा संभव शंभरात सुमारे चाळीस. ते उशिरा हाती आले तर चार शक्ती मागते, आणि तोवर बहुधा उशीर झालेला असतो. शिवाय पंधरांपैकी चार जागा एकाच शत्रूसाठी अडविल्या तर इतरांसाठी अकराच उरतात. चांगले खेळाडू येथेच चुकतात. कोणी अशा राखीव पानांना काटछाट देतो, आणि नेमका त्याच दिवशी त्याच्यासमोर ट्रोल येऊन बसतो.

१९९४ चे ‘टॉर्मॉड्स क्रिप्ट’ हे याहून साधे. किंमत शून्य. ते टेबलावर नुसते पडून राहते, आणि मालकाने मनात आणले की समोरच्याची सारी दफनभूमी एका क्षणात पुसली जाते. म्हणून अनुभवी खेळाडू ते घाईने वापरीत नाहीत; दैत्य उठविण्याचा मंत्र उच्चारला जाईपर्यंत ते थांबतात, आणि मगच बोट त्या पानावर ठेवतात.