मोरीतलं पाणी उलटं येतंय? आधी चेंबर उघडा

पाऊस चार दिवस लागून राहिला, न्हाणीत तांब्याभर पाणी ओतलं, की मोरीतून काळं पाणी वर येतं. तुमच्याही घरी होतं ना हे? मग जो तो मोरीत कामटी खुपसत बसतो. पण मंडळी, पाणी जिथं वर येतं तिथंच ते अडलेलं असतं असं नाही.

पूर्वी घागरीनं पाणी आणायचो, तेव्हा मोरी तुंबायची नाही. सांडायला पाणी होतंच किती? 2019 साली आलेल्या जलजीवन मिशननं माणशी रोज 55 लिटर पाणी धरलं. सहा माणसांच्या घरात ते 330 लिटर होतं आणि त्यातलं अडीचशे लिटरच्या वर मोरीतून बाहेर पडतं. नळ आला, पण पाणी जाणार कुठं याचा विचार मागं राहिला.

म्हणून आधी पाणी ओतणं थांबवा आणि बाहेरच्या चेंबरचं झाकण काढा. चेंबर कोरडा असेल तर अडथळा घर आणि चेंबरच्या मध्ये आहे. बहुधा खरकटं, केस, नाहीतर भांडी घासायची राख. तिथं वेळूची लांब कामटी चालते. चेंबर भरलेला असेल तर दोष पुढं आहे, मोरीत कितीही खुपसलं तरी उपयोग नाही. अॅसिड तर ओतूच नका. आधी ब्लीचिंग पावडर टाकलेली असेल तर दोन्ही मिळून विषारी क्लोरीन वायू सुटतो.

आता आपल्या मातीचं. तलवाडा, गेवराई हा गोदावरी खोऱ्यातला मुलूख, काळ्या जमिनीचा. ही माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. तिच्यात नुसता पुरलेला पाइप वरखाली होतो, मधे पोट धरतो आणि त्या पोटात गाळ बसतो. पाइपाखाली मुरूम किंवा वाळू अंथरा, दहा फुटाला दोन-तीन इंच उतार द्या. गवंडी नजरेनं उतार काढतो म्हणाला तरी लेव्हलची नळी लावायला सांगा.

शोषखड्ड्याचंही तसंच. काळ्या मातीत पाणी मुरत नाही, भर पावसात खड्डाच भरून राहतो आणि पाणी मागं घरात येतं. मुरूम लागेपर्यंत खणा. विहीर, हातपंपापासून पन्नास फूट तरी लांब. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीनं घरोघर असे खड्डे करून गटारी बंद केल्या, गावातले डासही हटले. तिथली युक्ती साधी आहे: चार फुटी खड्ड्यात मधोमध भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड. गाळ टाकीत राहतो, पाणी भोकांतून दगडांत जातं. टाकीतला गाळ मात्र वेळच्या वेळी काढावा लागतो. ते विसरलं की वर्षभरात पहिले पाढे पंचावन्न. मुरूम फारच खोल असेल तर खड्ड्याच्या नादी लागू नका, पाणी परसात केळी, अळू, कर्दळीला सोडा.

आणि एक गोष्ट कान देऊन ऐका. संडासाचं पाणीही वर येत असेल तर शौचटाकी भरलेली असू शकते. त्या टाकीत उतरू नका, मजुरालाही उतरवू नका. आतल्या वायूचा सडक्या अंड्यासारखा वास पहिल्यांदा येतो, मग नाक मरतं आणि वास गेला असं वाटतं. तिथंच माणूस कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही वर येत नाही. कंदील सोडून पाहिला तरी या वायूचा भरवसा देता येत नाही. संरक्षक साधनांविना कुणाला टाकीत उतरवणं 2013 च्या कायद्यानं गुन्हा आहे, मजुरी ठरवून दिली तरीही. टाकी उपसायला मशीनची गाडी बोलवा.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना एवढंच विचारणं आहे: अशी गाडी तुमच्या गावाला कुठून येते, तिचा फोन नंबर पंचायतीच्या फळ्यावर लिहिलाय का? नसेल तर पावसाआधी लिहा.