बुलेटचा पुढचा शॉकअप खाली घेतला की गाडीत नेमकं काय बदलतं?

इन्स्टावर कस्टम गाड्यांचे रील पाहताना एक गोष्ट लगेच डोळ्यात भरते. पुढून जमिनीला टेकल्यासारखी दिसणारी बुलेट. हा लूक मिळवायला पुढचा शॉकअप खाली घेतात. काम तसं छोटं आहे. पण फलटणहून आदर्की घाटातून साताऱ्याला जायचं असेल, तर त्याचा परिणाम प्रत्येक वळणावर जाणवतो.

खाली कसा घेतात?

शॉकअपच्या दोन नळ्या वरच्या आणि खालच्या 'टी'मध्ये आवळलेल्या असतात. बोल्ट सैल करून नळ्या वर सरकवल्या की गाडीचं तोंड खाली येतं. ही पद्धत त्यातल्या त्यात बरी, कारण गाडी पुन्हा पहिल्यासारखी करता येते. दुसरी पद्धत म्हणजे आतली स्प्रिंग कापणं. कापलेली स्प्रिंग कडक होते आणि शॉकअपची चाल कमी होते. मग मोठ्या खड्ड्यात तो तळाला आपटू शकतो.

मग बिघडतं काय?

ऑफिसच्या खुर्चीचं चाक आठवा. खुर्ची ढकलली की चाक दांड्याच्या मागे राहतं आणि आपोआप सरळ होतं. बाईकचं पुढचं चाकही याच तत्त्वावर सरळ धावतं. तोंड खाली आलं की शॉकअप जास्त उभा होतो आणि हे मागे राहण्याचं अंतर घटतं. हँडल हलकं वाटतं, पण वेगात ते थरथरू शकतं.

क्लासिक ३५०च्या दोन चाकांमधलं अंतर १,३९० मिमी आहे. म्हणजे तोंड २५ मिमी खाली घेतलं तर कोन साधारण एका अंशाने बदलतो. ऐकायला किरकोळ, चालवताना नाही.

काय तपासायचं?

दोन्ही नळ्या अगदी सारख्या सरकवलेल्या हव्यात. शॉकअप पूर्ण दबला तर मडगार्ड वर कुठे आपटतं का, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळतं का, ब्रेकचा पाइप ताणतो का, हे बघा. हेडलाइटचा झोतही खाली येतो, तो पुन्हा सेट करावा लागतो.

मागची बाजूही खाली घेतली तर कोन टिकतो, पण सायलेन्सर आणि फूटरेस्ट रस्त्याला घासण्याची भीती वाढते. साइड स्टँडवर गाडी जास्त उभी राहते आणि धक्क्याने पडू शकते.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून आधी आरटीओत विचारलेलं बरं.

पाय टेकत नाहीत म्हणून हे करत असाल, तर फक्त पुढून खाली घेऊन सीटची उंची फारशी कमी होत नाही. आधी सीटचा फोम कमी करून बघा. आणि लूकच हवा असेल, तर कंपनीचीच बॉबर आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यात आलेल्या रॉयल एनफिल्ड गोवन क्लासिक ३५०ची सीट ७५० मिमीवर आहे, साध्या क्लासिकची ८०५ मिमीवर. तिथे कोनाचं गणित कंपनीनेच केलेलं असतं.