पीक गेलं, मग आभार कसले?

आगमनकाळ लागला की चर्चमध्ये आभाराचा विषय निघतोच. ऐकणारे आपण बीदर, भालकी, औराद, आळंद भागातले. कुणी दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जातो, कुणी दोन-चार एकर कोरडवाहू कसतो, कुणाची मुलं हैदराबाद-पुण्याला कामाला. साल चांगलं गेलं तर आभार मानायला कुणी शिकवावं लागत नाही. प्रश्न असतो तो वाईट सालाचा.

2022 चा डिसेंबर आठवून बघा. कलबुर्गी जिल्हा म्हणजे तुरीचं कोठार. इथल्या तुरीच्या डाळीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण त्या साली मर रोग पडला आणि शेंगा भरायच्या वेळेला उभी तूर वाळून गेली. त्याच महिन्याच्या 23 तारखेला, नाताळच्या दोन दिवस आधी, वेळ अमावस्या आली.

हा सण आपल्या भागात कुणाला सांगायला नको. कन्नड शेजारी एळ्ळ अमावास्ये म्हणतात, लातूरकडे येळवस. मार्गशीर्षाच्या अमावस्येला शेतात कडब्याची कोप उभी राहते. आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे डोक्यावर घेऊन सगळं घर शेताला जातं. पूजा होते, आंबील शिंपडत शेताला फेरी होते, आणि मग बांधावरून जाणाऱ्यालाही हाक मारून जेवायला बसवतात. त्या साली वाळलेल्या तुरीच्या कडेलाही कोपी उभ्या राहिल्या. शेजारच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मी विचारलं, "अण्णा, यंदा काय मिळालं म्हणून हे सगळं?" ते म्हणाले, "टीचर, आजवर तिनंच खाऊ घातलं की. एका सालानं ती परकी होती का?"

आपण ख्रिस्ती माणसं भुईची पूजा करत नाही, भुई निर्माण करणाऱ्याची करतो. पण अण्णांचं बोलणं ऐकून मला हबक्कूक संदेष्टा आठवला. अंजिराला फूल नाही, वेलीला द्राक्ष नाही, शेतात अन्न नाही, गोठा रिकामा, तरी मी प्रभूच्या ठायी आनंद करीन, असं तो सांगतो. हा माणूस पीक बघून आभार मानत नाही, देणाऱ्याला बघून मानतो.

अनुवादाच्या 26 व्या अध्यायातली टोपलीही बघा. पहिलं पीक टोपलीत घालून देवापुढे न्यायचं. पण टोपली ठेवली आणि घरी आलं, असं नाही. आपले बापजादे परदेशात गुलाम होते आणि देवानं सोडवलं, हे तोंडानं सांगायचं. मग त्या आनंदात लेवी आणि परका माणूस दोघांनाही सामील करून घ्यायचं. म्हणजे आभारात आधी आठवण, मग अर्पण, मग परक्यासाठी पान. तिसरी गोष्ट राहिली तर पहिल्या दोन्ही अपुऱ्या.

लूकच्या शुभवर्तमानात दहा कुष्ठरोगी बरे झाले, आभार मानायला एकच परत आला, आणि तो शोमरोनी, म्हणजे परका निघाला. आपण मिस्साला ज्या पवित्र संस्काराभोवती जमतो, त्याच्या मूळ ग्रीक नावाचा अर्थच आभार मानणं असा आहे. नाताळच्या रात्री आपण जातो ते त्या एकासारखं परत जाणंच. पण परत जाताना वाटेत कोण भेटतं, तेही बघायला हवं.

आणि एक स्पष्ट बोलते. आभार म्हणजे तक्रार गिळणं नव्हे. पीक गेलं तर भरपाई मागणं हा हक्क आहे; प्रार्थना करणाऱ्यानं तो सोडावा असं बायबल कुठं सांगत नाही. उलट याकोबाच्या पत्रात मजुराची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते, आणि ते ओरडणं देवाच्या कानी जातं. कापणीला आलेल्या बाईचे पैसे थकवून चर्चमध्ये मेणबत्ती लावली, तर त्या आभाराला काय म्हणायचं?

शाळेत असताना मी डिसेंबरात मुलांना पाच नावं लिहायला लावत असे. वस्तू नाही, माणसं; ज्यांच्यामुळे वर्ष निभलं ती. एका मुलीनं दुपारचं जेवण शिजवणाऱ्या मावशींना लिहायला घेतलं आणि अडली, कारण सगळे त्यांना मावशीच म्हणत. ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि नाव विचारून आली. मावशी हातातला पळा तसाच धरून दारापर्यंत बघत आल्या, की हे कोण पोर आपलं नाव विचारतंय. देवाला नावं ठाऊकच असतात. विचारावं आपणच लागतं.

म्हणून एवढंच सुचवते. 24 तारखेच्या मिस्साआधी प्रत्येकानं पाच नावं लिहावीत आणि त्यातल्या निदान एका घरी स्वतः जावं. मजुरी बाकी असेल तर त्याआधी चुकती करावी. गव्हाणीपुढे ठेवायचा फराळ करताना एक ताट शेजारच्या कन्नड, मुसलमान, लिंगायत घरासाठी आधी बाजूला काढावं. वेळ अमावस्येला बांधावरून हाक आली तर तिला गोड बोलून उत्तर द्यावं. जेवावं की नाही, हे ज्याच्या त्याच्या मनानं ठरवावं. पण नाताळला त्यांना आपल्या अंगणात बोलवायला मात्र विसरू नये.

बेथलेहेमात मरियेला जागा मिळाली ती गोठ्यात. ती आठवण असलेल्या घरानं परक्याला जागा नाही म्हणू नये.

सर्वांना नाताळच्या शुभेच्छा.

– एक निवृत्त शिक्षिका, बीदर